नुसती उष्णता आणि दाब

हॉरेस पेटवेनं बायकोची केस सरळ करायची इस्त्री तळघरातल्या लोखंडी शिकंज्यात अडकवली, तेव्हा शनिवारचे दोन वाजले होते आणि तो संतापलेला होता. संतापलेल्या माणसाला आपण दुसऱ्याची वस्तू न विचारता घेतोय असं वाटतच नाही. आपण न्याय करतोय असं वाटतं. व्हर्निटा चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला गेली होती. ती चारला येणार, म्हणजे न्याय दोन तासांत उरकायचा होता.

संताप होता सकाळच्या दुकानदारावर. घरापासून तीन चौक सोडून गांजाचं नवं, परवान्याचं दुकान उघडलं होतं. पूर्वी तिथं लाँड्री होती. आत काचेच्या कपाटात डब्या मांडलेल्या, मागे एक दाढीवाला.

“गुडघ्यांसाठी आहे का काही? वरून चोळायचं?” हॉरेसनं विचारलं होतं.

“आहे ना काका. हे राळेचं मलम. यात रसायन वगैरे काही नाही. फुलं घ्यायची, गरम करायची, दाबायची, राळ बाहेर येते. नुसती उष्णता आणि दाब.”

“किती?”

“साठ डॉलर.”

हॉरेसनं डबी उचलून डोळ्यांजवळ धरली. एवढं मलम पावाला लावलं असतं तर दुसऱ्या पावाला उरलं नसतं.

“बाळा, मी एकतीस वर्षं मोटारीच्या कारखान्यात प्रेस चालवला,” तो म्हणाला. “डेट्रॉईटमध्ये धावणाऱ्या निम्म्या गाड्यांचे दरवाजे माझ्या हाताखालून गेलेत. आणि उष्णता नि दाबाचे साठ डॉलर तू मला सांगतोस?”

“मग घरी करा की. लोक केसांच्या इस्त्रीनंसुद्धा करतात,” दाढीवाला म्हणाला. गिऱ्हाईक टळावं म्हणून म्हणाला असेल. पण हॉरेस घरी पोचेपर्यंत ते वाक्य त्याच्या डोक्यात आज्ञेसारखं बसलं.

फुलं त्याच्याकडे होती. परसात कोबीच्या भाजीमागे त्यानं चार झाडं लावली होती, कायद्यात बसतील अशी. व्हर्निटाला ती ठाऊक होती. “झाडं तुझी, परस देवाचं, पण माझ्या स्वयंपाकघरात त्यातलं पान जरी दिसलं तर तुझं जेवण परसात,” एवढं ती एकदाच बोलली होती. दुसऱ्यांदा बोलायची वेळ तिच्यावर कधी येत नसे. म्हणून तळघर.

आणि मलम हवं होतं ते उद्याच. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासना सुरू होण्याआधी एक डीकन, म्हणजे चर्चचा निवडलेला सेवेकरी, सगळ्यांसमोर खुर्चीपाशी गुडघे टेकतो. तो भजनाची एक ओळ म्हणतो, मग अख्खी मंडळी ती ओळ उचलून लांबवते, वळवते, अशी हळू ओढते की छपराला हुंदका फुटावा. अलाबामात हॉरेसचे वडील हे करायचे. इथं गेली बावीस वर्षं हॉरेस करत होता. मागच्या महिन्यात भजन छान झालं, प्रार्थना छान झाली, फक्त शेवटी हॉरेसला उठता आलं नाही. पांढरे हातमोजे घातलेल्या दोघा स्वयंसेवकांनी त्याला काखेत धरून सोफा हलवावा तसा उचलला. पहिल्या बाकावरची माणसं हसली नाहीत, पण त्यांनी हातातले पंखे तोंडापुढे धरले.

नंतरच्या बैठकीत डीकन गॅस्किन्स फार गोड आवाजात म्हणाला होता, “हॉरेसभाऊंनी आता बसूनच आशीर्वाद द्यावा. गुडघ्यांचं काम करायला मी आहेच.” गॅस्किन्स चौपन्न वर्षांचा. पास्टर मेब्री म्हणाले, “पुढच्या पहिल्या रविवारी हॉरेसभाऊच गुडघे टेकतील. आपले आपण उठले तर विषय संपला.” नाही उठले तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. गॅस्किन्सच्या चेहऱ्यावर ते लिहिलेलं होतं.

तर इस्त्री. हॉरेसनं व्हर्निटाच्या केकसाठीचा बटर पेपर घेतला, फुलं त्यात गुंडाळली, पुडी इस्त्रीच्या दोन पट्ट्यांमध्ये ठेवली आणि शिकंजा आवळला. चर्र आवाज झाला. कागदाच्या कडेनं सोनेरी थेंब आला, उसाच्या काकवीसारखा. हॉरेसचा ऊर भरून आला. साठ डॉलर, असं तो मनातल्या मनात दाढीवाल्याला म्हणाला, हे बघ तुझे साठ डॉलर.

इथं थांबायला हवं होतं. पण ज्यानं आठशे टनांचा प्रेस चालवलाय त्याला थेंबावर समाधान कसं वाटावं? त्यानं दांड्याला लांब पाइप लावला आणि आणखी एक फेरा दिला. पुडी फुटली, राळ दोन्ही पट्ट्यांवर पसरली, आणि इस्त्रीच्या बिजागरीतून असा आवाज आला की कारखान्यात असता तर त्यानं लाल बटण दाबलं असतं.

मलमापुरती राळ मात्र निघाली होती. ती त्यानं शिया बटरमध्ये, अंगाला चोळायच्या वनस्पतीच्या लोण्यात, वितळवली. आता डबी हवी. त्या घरात डबा म्हणून कधी फेकला जात नसे. बिस्किटांच्या निळ्या डब्यात सुईदोरा, मार्गरिनच्या डब्यात कालचा रस्सा. न्हाणीघरातल्या सिंकखाली व्हर्निटाच्या केस चापून बसवायच्या ग्रीसची रिकामी पिवळी डबी सापडली. त्यानं मलम तीत भरलं आणि ती सिंकखालच्या कपाटात अगदी मागे सरकवली. इस्त्री ओल्या फडक्यानं पुसली. राळ पाण्यानं जात नाही, ती फक्त सगळीकडे सारखी होते. एवढ्यात गाडीचं दार वाजलं.

व्हर्निटा दारातच थांबली. “हॉरेस, घरात काय मेलंय?”

“वास येतोय खरा,” हॉरेस म्हणाला. तो खोटं कधी बोलत नसे. खरं बोलायला मात्र त्याला वेळ लागे, आणि या खेपेला रविवार सकाळपर्यंत लागला.

रविवारी सात वाजता न्हाणीघरातून हाक आली. हाकेत नुसतं त्याचं नाव नव्हतं, मधलं नाव आणि आडनावही होतं.

“हॉरेस नेथनिएल पेटवे. इकडे ये.”

तो गेला. व्हर्निटा आरशापुढे उभी होती. डाव्या बाजूचे केस रेशमासारखे खाली आले होते. उजव्या बाजूला कानाच्या वर इस्त्री लटकत होती. तिला कुणी धरलेलं नव्हतं.

“ही उघडत नाहीये.”

“बिजागरी जरा…”

“बिजागरीचं मी विचारलंच नाही. माझ्या डोक्याला हा डिंक कसला?”

“राळ.”

“कसली राळ?” मग तिनं हुंगलं आणि उत्तर तिचं तिला मिळालं. “तू ती झाडं माझ्या इस्त्रीत घातलीस?”

“स्वयंपाकघरात नाही आणलं. तळघरातच होतो.”

“वा, म्हणजे मी आभार मानायचे. आज मला पहिली ओळ एकटीनं गायची आहे हे माहीत होतं ना तुला?”

“व्हर्नी, त्या दुकानदारानं साठ डॉलर सांगितले गं. नुसत्या उष्णतेचे आणि…”

“ही इस्त्री तुझ्याकडून मिळवायला मला काय काय करावं लागलं, आठवतंय का? दोन ख्रिसमस तुला नाव सांगत होते, चिठ्ठी लिहून पाकिटात ठेवली, तेव्हा कुठं ही आली. कात्री दे.”

“व्हर्नी…”

“केस कापायला मागतेय. अजून तरी.”

बट कापावी लागली. त्यानंतर व्हर्निटानं कपाटातलं सगळं बाहेर काढून बेसिनवर आपटलं, पिना, फण्या, बाटल्या, डब्या. उरलेले केस ग्रीसनं चापून बसवले आणि वर आईच्या वेळची जांभळी टोपी चढवली. ती एवढी रुंद होती की दारातून तिरकं निघावं लागे. ती गेल्यावर हॉरेसनं हळूच बेसिनवरची पिवळी डबी घेतली आणि दोन्ही गुडघ्यांना बोटभर मलम चोळलं. वास कशाला कसला येतोय हे त्या घरात कालपासून कुणालाच कळत नव्हतं. पण गुडघ्यांत गार गार झिणझिण्या आल्या. देवा, लागू पडतंय, तो पुटपुटला.

गाडी निघाली. एकदा लाल दिव्यापाशी व्हर्निटा म्हणाली, “आज उठला नाहीस तर मी उचलायला येणार नाही.” मग हिरवा लागला.

चर्चमध्ये नोव्हेंबरमुळे खिडक्या बंद आणि हीटर चालू होता. टोपीखाली डोकं तापलं, आणि डोक्यावर जे काही होतं तेही तापलं. मागच्या बाकावर नव्वदीच्या ओडेल होत्या, अख्खं चर्च त्यांना मदर म्हणे; त्यांनी दोनदा हुंगलं आणि त्या पुढे वाकल्या.

“व्हर्निटा, पोरी, डोक्याला काय लावलंयस?”

“ग्रीस, मदर.”

“आमच्या वेळी असं मिळत नव्हतं,” मदर ओडेल म्हणाल्या आणि आणखी जवळ सरकल्या.

हॉरेस पुढे गेला. खुर्चीची कड धरून त्यानं एक गुडघा टेकला, मग दुसरा. डोळे मिटले. “पैलतीरी कुणी दिवा धरिला, माझं पाऊल चुकू नये,” त्यानं ओळ दिली. टोपीखालून व्हर्निटानं ती पहिली उचलली. रागावलेला होता तिचा आवाज, आणि म्हणून की काय, भरून आलेला होता. मग सगळ्यांनी उचलली. ओळ वर गेली, तिथं थरथरली, हळूहळू खाली आली. हॉरेसला वडिलांची पाठ दिसली, घामानं भिजलेला पांढरा सदरा दिसला. तो प्रार्थनेत काय बोलला ते त्याला आठवलं नाही. शेवटी ‘आमेन’ म्हणून तो उठला. खुर्चीला हात न लावता, दमही न घेता, शाळेतल्या पोरासारखा ताडकन उठला. चर्च दणाणलं. हातमोजेवाले दोघे अर्ध्या वाटेवर आले होते, ते तसेच टाळ्या वाजवू लागले. एकटा गॅस्किन्स आपल्या जागी बसून होता. सगळे उभे असताना तो उठला नाही, हे हॉरेसनं बघून ठेवलं.

पास्टर मेब्रींनी प्रवचनाचा विषय सोमवारीच ठरवला होता. यात त्यांचा काही दोष नाही. प्रार्थना धुपासारखी असते, हा तो विषय. आधी ते साधं बोलले, मग शब्दांना चाल आली, ऑर्गनवाला मागून सूर देऊ लागला, आणि विसाव्या मिनिटाला पास्टर गातच होते.

“मंडळी, धूप दिसत नाही…”

“दिसत नाही,” मंडळी म्हणाली.

“पण त्याचा वास येतो. आज येतोय का?”

“येतोय,” असं सगळ्यांत मोठ्यानं मदर ओडेल म्हणाल्या.

“कुठून येतोय?”

यावर पाच-सहा डोकी जांभळ्या टोपीकडे वळली. व्हर्निटा ताठ बसली होती. नवऱ्याकडे तिनं एकदाच पाहिलं. त्या नजरेत उष्णताही होती आणि दाबही.

घरी आल्यावर तिनं टोपी काढली, न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा दोन्ही हातांत एकेक पिवळी डबी होती.

“गुडघ्यांना यातलं कुठलं लावलंस?”

“डावीकडची,” दोन्हींत बोट बुडवून हॉरेस म्हणाला. “गार वाटते ती.”

“पेपरमिंट आहे त्यात. हे माझं केसांचं ग्रीस.” तिनं उजवी डबी नाकाजवळ नेली. “आणि हे मी डोक्याला थापलं.”

हॉरेस मटकन बसला. “मग मी उठलो कसा?”

“मला काय विचारतोस? गुडघे टेकून ज्याला हाक मारलीस त्याला विचार.”

खरं तर हॉरेसला भरून यायला हवं होतं. पण त्याला रागच आला. एवढी राळ काढली, इस्त्री मोडली, बायकोची बट गेली, आणि शेवटी काम केलं दोन-तीन डॉलरच्या ग्रीसनं. तो हे बोलून दाखवणार, एवढ्यात लक्षात आलं की व्हर्निटा मान डावीकडे वळवतेय, मग उजवीकडे.

“काय झालं?”

“काही नाही,” ती म्हणाली. दोन वर्षं तिची मान उजवीकडे वळत नव्हती. तिनं उजवी डबी गाउनच्या खिशात टाकली.

दारावर थाप पडली. डीकन गॅस्किन्स होता. हॅट हातात, दुसरा हात कमरेवर. दोन पायऱ्या चढायला त्याला मिनिट लागला.

“हॉरेसभाऊ, मी खाली बसलो तर मलाही उठता येत नाही,” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “मार्चपासून. कुणाला बोललो नाही. आज मी पाहिलं, आणि मला वासही आला. मी कुणाला सांगणार नाही. थोडं द्याल?”

हॉरेसनं छाती फुगवली. पण व्हर्निटा मध्ये आली आणि तिनं डावी डबी पुढे केली.

“खरं सांगते, भाऊ. यानं सकाळी हे लावलं होतं. हे माझं केसांचं ग्रीस आहे, दुसरं काही नाही.”

गॅस्किन्सनं डबी घेतली, मागे रस्त्याकडे पाहिलं आणि एक डोळा बारीक केला. “कळलं, ताई. केसांचं ग्रीस.”

“अहो, खरंच ग्रीस आहे.”

“अगदी. कुणी विचारलं तर मीही हेच सांगेन.” डबी कोटाच्या आतल्या खिशात ठेवून तो निघाला. उतरताना दोन पायऱ्यांना मिनिट लागला नाही.

“अगं, तो समजतोय की…” हॉरेस म्हणाला.

“मी खरं तेच बोलले. तू उद्या कुठं जाणार आहेस माहितेय ना?”

सोमवारी सकाळी हॉरेस केसांच्या सामानाच्या दुकानात उभा होता. काउंटरवरच्या मुलीनं इस्त्री खोक्यातून काढली, पट्ट्या उघडून दाखवल्या.

“किती?”

“चौसष्ट डॉलर. यात केमिकल वगैरे काही लागत नाही, काका. नुसती उष्णता आणि दाब.”

हॉरेसनं तिच्याकडे पाहिलं. एकतीस वर्षं ओठांपर्यंत आली. ती त्यानं गिळली, पाकीट काढलं, आणि खोकं दोन्ही हातांत जपून धरून बाहेर पडला.