आप्पांचे शनिवार

एका जंगलात, मुलांनो, शलाका नावाची एक उदमांजर चार वर्षांनी घरी परत आली.

येताना बोटीवर ती मनात भाषण जुळवत होती. तिला वाटलं होतं, पाणवठ्यावर सगळे जमतील आणि विचारतील, "शलाका, काय शिकलीस? आम्हालाही सांग." सगळे जमले, हे खरं. पण त्यांनी विचारलं, "तिकडे बाटली केवढ्याला पडते?" आणि पाठोपाठ, "येताना किती आणू देतात?"

ती गेली होती आयर्लंड नावाच्या बेटावर. तिथे पाऊस पडतो, गवत वाढतं आणि कोठारांत व्हिस्की मुरत पडलेली असते. तिथल्या विद्यापीठात शलाका व्हिस्कीचा वास घ्यायला आणि चव ओळखायला शिकली. उदमांजराचं नाक मुळातच चांगलं. त्यावर पदवी चढली. पदवी घेताना पिंपावर पंजा ठेवून शपथ घ्यावी लागते की, पेल्यात जे आहे तेच सांगेन, बाटलीवर जे आहे ते नाही. शपथ घेताना शलाकाला रडू आलं होतं. त्या वयात येतं.

(मुलांनो, तुम्ही व्हिस्की पिऊ नका. तुमचे बाबासुद्धा पीत नाहीत, ते फक्त कंपनी देतात.)

आता या जंगलात आयरिश व्हिस्की नवी नव्हती. वडाखाली लखूशेठ कोल्ह्याचं दुकान होतं आणि त्यात तीन प्रकारच्या बाटल्या होत्या.

पहिली हिरवी. तीन वेळा गाळलेली, हलकी, तीन-चार वर्षं मुरलेली. किंमत चार मडकी मध.

दुसरी गोल. मोड आणलेला सातू आणि मोड न आणलेला सातू एकत्र करून तांब्याच्या भांड्यात गाळलेली, दाट आणि थोडी तिखट. किंमत बारा मडकी.

तिसरी चौकोनी. शेरी नावाच्या दारूच्या जुन्या पिंपात एकवीस वर्षं मुरलेली. तिला लाकडी खोकं होतं आणि खोक्याला आतून मखमल. किंमत साठ मडकी. त्यातली मखमलीची किती आणि व्हिस्कीची किती, हे लखूशेठ सांगत नसे.

कोणाला कोणती आवडते, हा प्रश्न या जंगलात कधी पडलाच नव्हता. इथे पायऱ्या होत्या. वाघसाहेब आणि त्यांचे उपप्रमुख गवासाहेब चौकोनी पीत. खात्यांतले कर्मचारी गोल पीत. ससे, साळिंदरं आणि इतर जनता हिरवी पीत असे. आपल्या पायरीच्या वरची प्यायली तर माज केला म्हणत आणि खालची प्यायली तर वाईट दिवस आले म्हणत. बैठकीत सर्वांत मोठ्या जनावरानं आधी घोट घ्यायचा आणि "छान" म्हणायचं. मग बाकीच्यांनी "छान" म्हणायचं. काहीजण घोट घ्यायच्या आधीच म्हणून टाकत, म्हणजे राहायला नको.

चौकोनी बाटली संपली तरी टाकत नसत. गवासाहेबांच्या गुहेत दर्शनी फळीवर अशा अकरा रिकाम्या बाटल्या होत्या. दर रविवारी त्या पुसल्या जात.

या जंगलात धोंडीआप्पा नावाचं एक अस्वल होतं. ते चाळीस वर्षं मधखात्यात हेडक्लार्क होते. नुकतेच निवृत्त झाले होते. निरोपसमारंभात त्यांना एक शाल, एक नारळ आणि साठ मडकी मध मिळाला. दुसऱ्या दिवशी सुतारपक्षी डॉक्टरांनी त्यांची छाती चांगली ठोकून पाहिली आणि सांगितलं, "आप्पा, आता आठवड्यातून एकच पेग. शनिवारी. एवढं सांभाळलंत तर सात वर्षं कुठे गेली नाहीत."

आप्पा शलाकाकडे आले.

"पोरी, एक काम होतं," ते म्हणाले. "एका बाटलीत पंचवीस पेग. म्हणजे पंचवीस शनिवार. माझ्याकडे साठ मडकी आहेत. चौकोनी घेतली तर एक बाटली, सहा महिन्यांत खेळ खलास. गोल घेतली तर पाच बाटल्या, अडीच वर्षं. हिरवी घेतली तर पंधरा. सातही वर्षं निघतात."

"मग हिरवी घ्या की."

"ती मी कधी प्यायलोच नाही. पायरी नव्हती माझी. चौकोनीही नाही. चाळीस वर्षं गोल प्यायलो."

"आवडते तुम्हाला?"

"मी तिला छान म्हणत आलो," आप्पा म्हणाले. "आवडते का, ते कोणी विचारलं नाही. आता आठवड्याला एकच पेग उरलाय, तर तो आवडीचा असावा. नावडत्या पेल्याचे तीनशे शनिवार घेऊन मी काय करू? आणि आवडती असेल तर सहा महिनेही चालतील. पण माझी आवड कोणती, तेवढं शोधून दे. गुपचूप दे."

शलाकाचं काळीज भरून आलं. चार वर्षं ती याच प्रश्नाची वाट पाहत होती. तिनं आप्पांना आपल्या ढोलीत बसवायचं, तीन पेले पुढे ठेवायचे आणि गप्प बसायचं, एवढंच काम होतं.

पण ती शिकून आली होती.

"आप्पा," ती म्हणाली, "हा तुमच्या एकट्याचा प्रश्न नाही. हा अख्ख्या जंगलाचा प्रश्न आहे."

"माझ्या एकट्याचाच आहे गं," आप्पा म्हणाले.

पण तोवर ती निमंत्रणं लिहायला बसली होती.

रविवारी दुपारी चार वाजता पाणवठ्यावर 'आपली चव आपण ओळखू या' असा कार्यक्रम ठरला. दुपारी चारची वेळ ऐकून निम्मं जंगल बिचकलं, पण फुकट आहे म्हटल्यावर सगळे आले. वाघसाहेब पुढे बसले, गवासाहेब त्यांच्या अर्धा हात मागे. लखूशेठ बाटल्या घेऊन आला होता. आप्पा सगळ्यांत मागे, जांभळीला टेकून बसले.

शलाकानं बाटल्या झुडपामागे लपवल्या. प्रत्येकापुढे तीन द्रोण ठेवले आणि त्यांवर आकडे टाकले, एक, दोन, तीन.

"किंमत विसरा," ती म्हणाली. "खोकं विसरा. आधी वास घ्या. मग छोटा घोट. हवं तर दोन थेंब पाणी घाला. आणि फक्त स्वतःला विचारा, मला काय आवडलं?"

सगळ्यांनी स्वतःला विचारलं आणि सगळ्यांना एक नंबर आवडली.

"का आवडली?" शलाकानं सांबरीणकाकूंना विचारलं.

"पहिला नंबर आहे ना तिचा," काकू म्हणाल्या. "उगाच का येतो पहिला नंबर?"

शलाकानं आकडे पुसले. मग तिनं तीन प्रकारच्या पानांचे द्रोण केले. एक पळसाचा, एक वडाचा, एक सागाचा. या वेळी सगळ्यांना सागाच्या द्रोणातली आवडली.

"साग शेवटी साग आहे," गवासाहेब म्हणाले. "वडाचं लाकूड घेतं कोण?"

तिनं तेही द्रोण काढून घेतले. आता सगळे द्रोण पळसाचे, सारखेच. कुठे काय आहे, ते फक्त शलाकाच्या डोक्यात. कोणी द्रोणाला हात लावेना. सगळे वाघसाहेबांकडे पाहू लागले.

वाघसाहेबांची मोठी अडचण झाली. त्यांना पाहायला वर कोणी नव्हतं. त्यांनी तिन्ही द्रोणांतून एकेक घोट घेतला आणि आकाशाकडे पाहिलं. मग त्यांनी हळूच मागे पाहिलं.

मागे जांभळीखाली धोंडीआप्पा मधला द्रोण दोन्ही पंजांत धरून बसले होते. डोळे मिटलेले. कार्यक्रम चालू आहे, हे ते विसरले होते. शलाका त्यांच्याजवळ गेली.

"आप्पा, पहिलीचं काय?"

"ही तर माझी ऑफिसातली," आप्पा डोळे न उघडता म्हणाले. "जिभेवर मिरी फुटते. चाळीस वर्षं मी हिला घाबरत होतो, हे मला आज कळलं."

शलाकाला स्वतःला गोल बाटलीच सर्वांत प्रिय होती. तिच्यावर तिनं ऐंशी पानांचा प्रबंध लिहिला होता. ती गप्प राहिली. गप्प राहणं विद्यापीठात शिकवलं नव्हतं, ते तिला तिथल्या तिथे शिकावं लागलं.

"आणि शेवटची?"

"जड आहे. मनुकांच्या पेटीत कोणीतरी कोंडल्यासारखं वाटतं. मोठ्या लोकांना बरी."

"आणि ही?"

"पोळं काढून झालं की आपण नदीवर हात धुतो. धुतले तरी एक वास राहतो बघ. मध गेलेला असतो, गवत असतं थोडं, थोडं ऊन. ते आहे हे." आप्पांनी डोळे उघडले. "ही माझी, पोरी."

वाघसाहेब अजून मागेच पाहत होते. ते पुढे वळले आणि मधल्या द्रोणावर पंजा ठेवून म्हणाले, "ही."

"हीच," गवासाहेब म्हणाले.

"हीच, हीच," सगळा पाणवठा म्हणाला.

शलाकाला वाटलं, आपण जिंकलो. ती धावत झुडपामागे गेली आणि ती बाटली सगळ्यांसमोर उंच धरली. हिरवी होती. चार मडक्यांची.

वाघसाहेबांच्या मिशा ताठ झाल्या. पण गवासाहेब काही उगाच उपप्रमुख झाले नव्हते.

"वा," ते म्हणाले. "इतकी वर्षं ही आपल्यात लपून होती. शेवटी साहेबांच्या जिभेनंच शोधून काढली."

टाळ्या पडल्या. टाळ्या ओसरल्या तेव्हा लखूशेठ तिथे नव्हता.

ऊन उतरायच्या आत धोंडीआप्पा साठ मडकी हातगाडीवर घालून वडाखाली पोचले. शलाका सोबत होती. दुकानापुढे रांग होती. फळीवर हिरव्या बाटल्या होत्या, पण आता प्रत्येकीला लाकडी खोकं होतं. वर पाटी होती: 'साहेबांची पसंती. साठ मडकी.'

"लखूशेठ, हे काय?" शलाका म्हणाली. "दुपारी चारला होती."

"दुपारी चार वाजता चारला होती, ताई."

"आत माल तोच आहे ना?"

"तोच. शपथेवर."

"मग बदललं काय?"

"आता बघा," लखूशेठ समजुतीनं म्हणाला, "साहेबांच्या तोंडची वस्तू मी चार मडक्यांना विकली, तर त्यात अपमान कोणाचा? मला माझी कातडी प्यारी आहे. आणि तुमचे उपकार विसरणार नाही मी. या कधी दुकानावर, चहा घेऊ."

"जरा कमी करा. आप्पांसाठी."

"एक खोकं जास्तीचं देतो."

शेजारी साळिंदरीण मावशी चार मडकी घेऊन उभी होती. तिनं पाटी वाचली, शलाकाकडे पाहिलं आणि मडकी उचलून परत गेली.

आप्पांनी हातगाडी वळवली. साठ मडक्यांत आता त्यांना एकच बाटली आली असती. पंचवीस शनिवार.

"आप्पा, मी चुकले," शलाका वाटेत म्हणाली.

"नाही गं. तू चांगलंच केलंस." आप्पा गाडी ढकलत राहिले. "फक्त कसं झालंय, इतकी वर्षं मला काय आवडतं ते माहीत नव्हतं, तर त्याच्यावाचून काही अडत नव्हतं. आता माहीत आहे."

ते रागावले असते तर शलाकाला बरं वाटलं असतं.

घरी येऊन तिनं तीन निवेदनं लिहिली. एक किमतीवर, एक ग्राहकांच्या हक्कांवर, एक जिभेच्या स्वातंत्र्यावर. तिसरं तर फारच सुंदर झालं होतं. मग तिनं विचार केला की, ही निवेदनं वाचून कोण काय करेल. गवासाहेब म्हणतील, छान. मग सगळे म्हणतील, छान.

तिनं तिन्ही फाडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शलाकानं आपली पदवी चौकटीसकट गळ्यात अडकवली. पाणवठ्यावर जाऊन तिनं एक मोठी पाटी उभी केली आणि तिच्यावर कोळशानं लिहिलं:

'काल काही जणांचा गैरसमज झालेला दिसतो. साहेबांनी हिरवी बाटली स्वतःसाठी निवडलेली नसून, ज्यांना चव कळत नाही अशा खालच्या पायरीवरील प्रजेसाठी दयाळूपणे निवडली आहे. आयर्लंडमध्येही ती हाच वर्ग पितो. काल संध्याकाळपासून ज्यांनी ती साठ मडक्यांना घेतली, त्यांची नावं लाभार्थींच्या यादीत लावण्यात येतील. साहेबांसाठी चौकोनीच योग्य, असं या नाकाचं मत आहे.'

खाली तिनं सही केली आणि सहीखाली विद्यापीठाचं नाव लिहिलं, पूर्ण.

यातलं एक अक्षरही खरं नव्हतं. पिंपावर ठेवलेला पंजा तोच होता. लिहिताना तो थरथरला नाही, याचं मात्र तिला जरा वाईट वाटलं.

वाघसाहेबांनी पाटी वाचली आणि त्यांच्या मिशा आडव्या झाल्या. गवासाहेब घाईघाईनं घराकडे निघाले. फळीवर मांडलेलं एक नवं खोकं त्यांना कोणी पाहायच्या आत हलवायचं होतं. वडाखाली लखूशेठ साठ मडक्यांची पाटी पुसायला फडकं शोधत होता.

शलाका हातगाडी आणायला आप्पांकडे गेली.

तात्पर्य: मुलांनो, आपल्याला काय आवडतं ते नेहमी प्रामाणिकपणे ओळखावं. ओळखलं की दार लावून घ्यावं आणि चारचौघांत त्याला भरपूर नावं ठेवावीत. म्हणजे ते आयुष्यभर परवडतं.