बुडबुड्यांची वाट

शेखरच्या बिअरला बुडबुडेच येईनात. शंकर नगरच्या फ्लॅटची बाल्कनी, कोपऱ्यात झाकण लावलेली बादली, झाकणातून निघालेली नळी आणि नळीचं टोक पाण्याच्या ग्लासात. यीस्ट कामाला लागलं की ग्लासात बुडबुडे फुटतात, असं व्हिडिओतल्या बाईंनी हसत हसत सांगितलं होतं. इथे पाणी ढिम्म.

"आता हेही सोडून देशील?" क्षमाने नवऱ्याला विचारलं.

प्रश्न झोंबणारा होता. आधी गिटार झाली, मग जिम, मग गच्चीवरचे टमाटर. शेखरने हाती घेतलेलं एकही काम तडीस गेलं नव्हतं आणि त्याचे वडील, अनंतराव, हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. जन्म रेल्वेत काढलेला माणूस. वेळेवर न पोचणाऱ्या गोष्टींचा त्यांना भारी राग. म्हणून यंदा शेखरने कंबर कसली होती. एक तरी काम पुरं करून दाखवायचं!

अडचण एवढीच की अनंतराव चहापलीकडे कशाला शिवत नसत. आणि बादली त्यांनी पहिल्याच दिवशी पाहिली.

"हे काय होय बे?"

"जीवामृत, बाबा," शेखरच्या तोंडून निघून गेलं. "कुंड्यांसाठी खत."

"खताले नळी?"

"हव. नवीन पद्धत आहे."

अनंतरावांनी ग्लास पाहिला, अजून गरम असलेल्या बादलीवर नाक नेलं आणि पेपर वाचायला निघून गेले.

मग उपाय सुरू झाले. बादलीला थंडी वाजत असेल म्हणून शेखरने तिला पाहुण्यांची रजई गुंडाळली. हवा निसटत असेल म्हणून झाकणाला टेप मारला. शेवटी मित्राला, अनिमेषला, फोन लावला. "भाई, थोड़ी चीनी डाल दे," तो म्हणाला. टेप काढून साखर टाकली, पुन्हा टेप मारला. काही नाही.

"पोट्ट्याले ताप आल्यासारखा काय बसून राहिला तिथं?" क्षमा म्हणाली. "अन् माझी रजई?"

शेखरने रजईचं टोक आणखी आत खोचलं. आतून तो पार खचला होता.

आणि रविवारी सकाळी ग्लास खदखदत होता! शेखर बाल्कनीतच नाचला. वास जरा गोठ्याकडचा येत होता, पण पहिल्या खेपेला येत असेल तसा. त्याने झाकण उघडलं, ग्लास बुडवला आणि डोळे मिटून ओठांशी नेला.

"थांब! शेण आहे त्यात!"

दारात अनंतराव उभे होते.

"शेण?"

"शेण, गोमूत्र, गूळ, बेसन. मागच्या गल्लीतल्या गोठ्यातून आणलं. तुयं जीवामृत उठूनच नव्हतं राहिलं, म्हणून काल मदत केली."

शेखर मटकन खाली बसला. लपवण्यासारखं आता उरलंच काय होतं?

"बाबा, ते खत नव्हतं."

"माहीत आहे. रेल्वेत होतो मी, देवळात नाही. वास समजत नाही का मले?"

"मग काहून टाकलं?"

"तू खत म्हणाला ना! म्हटलं, पोट्ट्याचा शब्द तरी खरा होऊ द्या."

क्षमा पदर तोंडाला लावून हसत सुटली. अनंतराव शेजारी टेकले.

"ते यीस्ट तू गरम पाण्यातच टाकलं होतं ना?"

"हव. घाई झाली होती."

"मेलं ते तेव्हाच. उकळत्या दुधात विरजण टाकते का कोणी? कोमट होऊ द्या लागते. तुले दम नाही, हाच तुया रोग."

संध्याकाळी बापलेकांनी मिळून सगळ्या कुंड्यांना खत घातलं. हाती घेतलेलं काम पहिल्यांदाच पुरं झालं होतं, कोणतं का असेना. हात धुता धुता अनंतराव म्हणाले, "नवी बादली आण. पाणी निवलं की मले हाक मार. मी सांगतो कधी टाकाचं ते."

शेखरने नळ बंद केला. "तुम्ही प्याल, बाबा?"

"छट्! मी नाही पेत." मग आवाज जरा खाली आणून ते म्हणाले, "पण बुडबुडे पाहाले येईन."