चुरीसरांचा ट्रॅक्टर आणि माझं वजन

चुरीसर माणसाला नाव विचारायच्या आधी वजन विचारतात.

आमची पहिली भेट लिफ्टमध्ये झाली. मी एव्हरशाईन वसाहतीतल्या या इमारतीत नुकताच राहायला आलो होतो आणि सामानाचा एक खोका पोटाशी धरून उभा होतो. पांढरा बुशशर्ट घातलेले एक गृहस्थ आत आले. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "खोका सोडून तुमचं वजन किती?" मी गांगरून खरं ते सांगितलं, "अडुसष्ट." त्यावर त्यांचा चेहरा इतका उजळला की माझं लग्न ठरलं तेव्हा माझी आईसुद्धा इतकी खूश झाली नव्हती. "अडुसष्ट. वा! आता कमीजास्त करू नका," असं म्हणून ते तिसऱ्या मजल्यावर उतरून गेले.

पुढे कळलं की हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारतात. दूधवाल्याला, मीटर बघायला येणाऱ्याला, जिन्यात भेटणाऱ्या कोणालाही. दुसऱ्या मजल्यावरच्या नव्या भाडेकरूच्या बायकोला त्यांनी वजन विचारलं तेव्हा तिचा नवरा भांडायला त्यांच्या घरी गेला होता. अर्ध्या तासानं चहा पिऊन आणि स्वतःचं वजन सांगून परत आला.

या सगळ्याच्या मुळाशी एक ट्रॅक्टर होता, आणि तोही अजून घ्यायचा होता.

चुरीसर हे निवृत्त विज्ञानशिक्षक. राजोडीजवळ त्यांच्या घराण्याची वाडी होती. केळी, पानवेल, चाफा असं सगळं असलेली. केळीच्या घडांना टेकू लागतात. ते आणायला लांब जायला नको म्हणून वडिलांनी केव्हातरी कामण गावाच्या मागे एक टेकडी घेऊन ठेवली होती. साग, ऐन, बांबू, करवंदीच्या जाळ्या आणि नुसता उतार. वाटणी झाली तेव्हा भावांनी सपाट वाडी घेतली आणि सरांनी आपण होऊन टेकडी मागितली. भाऊ त्यावरून अजून हसतात म्हणे. आता टेकडीच्या पायथ्यापर्यंत गोदामं आली आहेत आणि त्यांतला एक गोदामवाला अधूनमधून मिठाईचा डबा घेऊन जागा मागायला येतो. सर मिठाई ठेवून घेतात आणि त्याला वजन विचारतात.

अशा जागेचं करायचं काय, याला सरांचं उत्तर ठरलेलं होतं: छोटा ट्रॅक्टर. गवत कापायला, पडलेली झाडं ओढायला, खत वर न्यायला. मी एकदा म्हटलं, "सर, जुनी जीप घ्या की." ते म्हणाले, "सागांच्या मधून जीप जात नाही, आणि साग मी तोडणार नाही." मी राहायला आलो त्याच्या कितीतरी आधीपासून ते ट्रॅक्टर निवडत होते. मी मध्ये दोन नोकऱ्या बदलल्या, तरी त्यांचं निवडणं चालूच होतं.

त्यांचं एक पालुपद होतं. "भार कुठं पडतो ते बघा." ट्रॅक्टरबद्दल हे ठीकच होतं. पण सोसायटीच्या सेक्रेटरीनं राजीनामा दिला तेव्हाही ते हेच म्हणाले, आणि माझ्या मेव्हण्याचा घटस्फोट झाला तेव्हाही. दोन्ही वेळा समोरच्या माणसानं गंभीरपणे मान हलवली.

त्यांच्या खांद्यावरच्या शबनममध्ये कायम एक बाटली असायची. अर्धी पाण्यानं भरलेली आणि अंगावर काळ्या रेघा मारलेली. बाटली आडवी ठेवायची आणि पाणी कुठल्या रेघेला लागतं ते बघायचं, की उतार कळला. शेवटची रेघ तांबडी होती. "इथं ट्रॅक्टर उलटतो," सर प्रेमानं सांगायचे. या बाटलीनं त्यांनी आमच्या इमारतीचा पार्किंगचा रॅम्प मोजला आणि तो टेकडीच्या पहिल्या टप्प्याइतका निघाल्यावर त्यांचा आनंद गगनात मावेना. मग रोज सकाळी स्कूटरच्या मागे तांदळाचं पोतं बांधून, हँडलवर बाटली अडकवून ते रॅम्पवरून वरखाली करायला लागले. शेवटी सोसायटीनं फलक लावला: 'रॅम्पवर प्रयोग करू नयेत.' सरांनी तो फलक वाचला, जरा वाकडा लागलाय म्हणाले आणि बाटली लावून सरळ केला.

ट्रॅक्टर बघायला जाताना ते मला बरोबर न्यायचे. माझं गाव कराडकडचं. तेव्हा मला ट्रॅक्टरमधलं कळत असणार असा त्यांचा समज झालाय, असा माझा समज झाला. खरं म्हणजे मी एका विमा कंपनीत खुर्चीवर बसून काम करतो, आणि ट्रॅक्टरशी माझा संबंध गावच्या गणपती विसर्जनापुरता. पण कोणी आपला सल्ला घेतंय म्हटल्यावर माणूस नाही म्हणत नाही. मी रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून हायवेवरच्या शोरूममध्ये जाऊ लागलो.

सल्ला मात्र मला कधीच विचारला गेला नाही. विक्रेता हसतमुखानं पुढे यायचा, "किती हॉर्सपॉवर बघताय सर?" सर म्हणायचे, "ते नंतर. शिंदेसाहेब, तुम्ही जरा मडगार्डवर बसा." मी चाकावरच्या त्या पत्र्यावर बसायचो. सर स्वतः सीटवर बसून, बॉनेटवर बाटली ठेवून बराच वेळ बघत राहायचे. मग खाली उतरून माझ्याकडे मागून, पुढून, बाजूनं बघायचे. "नीट बसा. अंग चोरू नका. गुडघे दुखत असल्यासारखं बसा." मी तसा बसायचो. शोरूममधली गिऱ्हाइकं माझे फोटो काढायची.

मग नापसंती सुरू व्हायची. एकाच्या धुराड्याची नळी उंच, फांद्यांत अडकेल. दुसऱ्याला चारही चाकांना जोर नाही. तिसऱ्याची डोक्यावरची लोखंडी कमान खाली घडी होत नाही. चौथा सगळ्या बाजूंनी छान, अगदी दृष्ट लागण्यासारखा, पण मडगार्ड अरुंद. इथे एक तरुण विक्रेता वैतागून म्हणाला, "सर, तिथं कोणी बसायचंच नसतं. धोका असतो. हा एका माणसाचा ट्रॅक्टर आहे."

"मग दुसऱ्यानं कुठं बसायचं?"

"दुसऱ्यानं यायचंच नाही सर."

चुरीसरांनी बाटली शबनममध्ये टाकली आणि ते बाहेर पडले. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "पोरगा बरोबर सांगतोय. पण एकट्याचा ट्रॅक्टर घेऊन मी काय करू?" मला वाटलं, मजुरांबद्दल बोलतायत.

एकदा तर एक कंपनीवाला ट्रॅक्टर घेऊन थेट टेकडीवर दाखवायला आला. सरांनी मोठ्या हौसेनं टेकडीवर वाट काढून घेतली होती. टेकडीला कडेकडेनं वळसे घालत जाणारी, अगदी हलक्या चढाची. दिसायला सुंदर. पहिल्याच वळशावर ट्रॅक्टर एका बाजूला कलला, बाटलीतलं पाणी तांबड्या रेघेला लागलं आणि ड्रायव्हर उडी मारून खाली उतरला. "मी नाय जाणार वर," एवढंच म्हणाला आणि ट्रॅक्टर मागच्या मागे काढून निघून गेला.

संध्याकाळी सरांनी घरी हे सांगितलं तेव्हा मीही तिथे होतो. त्यांच्या बायकोनं, विमलकाकूंनी, सगळं ऐकून घेतलं. मटार सोलता सोलता म्हणाल्या, "वाडीतल्या मानसाला टेकडी दिली की असं होतं. तुमी पान्याचा पाट काढलाय तिथं. ट्रॅक्टर काय पानी आहे, कडेकडेनं वाहात जायाला?" सरांनी कपाळावर हात मारून घेतला. सगळं लहानपण वाडीतल्या पाटांना उतार देण्यात गेलेलं, त्यांच्या हातून दुसरी वाट निघालीच नसती.

विमलकाकू हसत नव्हत्या. काकूंचे गुडघे गेल्यापासून त्या घरातल्या घरातही भिंत धरून चालायच्या. एके काळी टेकडीवर सरांपेक्षा त्याच जास्त जायच्या असं ऐकून होतो, पण माझ्यासमोर त्यांनी आपण होऊन टेकडीचं नाव कधी काढलं नव्हतं. त्या दिवशी मात्र मटाराचं ताट बाजूला ठेवून म्हणाल्या, "पुरे झालं आता. दसऱ्याला ट्रॅक्टर आला तर आला. नाय तर त्या गोदामवाल्याला टेकडी देऊन टाका आनि मोकळे व्हा. लोक हसतात तुमाला."

सरांनी भाराचं काही सांगितलं नाही. नुसतं "बरं" म्हणाले. मला पहिल्यांदाच त्यांची काळजी वाटली. पावसाळा अर्धा सरला होता, आणि या माणसाला धुराड्याच्या नळीपलीकडे काही दिसत नव्हतं.

गणपती गेले, पितृपक्ष गेला, सर लिफ्टमध्ये कोणाला वजन विचारेनासे झाले. इमारतीला चुकल्यासारखं वाटू लागलं. नवरात्रात एका सकाळी त्यांनी माझी बेल वाजवली. "घेतला. दसऱ्याला या. पोटभर खाऊन येऊ नका, अडुसष्टच राहायला पाहिजे."

दसऱ्याला मी कामणला गेलो. गोदामांच्या मागे, टेकडीच्या पायथ्याशी झेंडूची माळ घातलेला ट्रॅक्टर उभा होता. तोच, अरुंद मडगार्डचा. पण त्याच्या मागच्या बाजूला जमिनीपासून वीतभर उंचीवर एक लोखंडी पेटी जोडली होती, आणि पेटीत वेताची खुर्ची नटबोल्टनं घट्ट बसवून तिला मोटारीचा जुना पट्टा लावला होता. पुढे नाकाशी लोखंडाची वजनं टांगलेली. "मागं जेवढं जड, तेवढं पुढं धरायला लागतं," सर म्हणाले. वाटही नवी होती, सागांमधून सरळ वर गेलेली. काकू जरा लांब रिक्षात बसून होत्या, आपला काही संबंध नसल्यासारख्या.

सरांनी मला खुर्चीत बसवलं, पट्टा बांधला आणि बाटली माझ्या हातात दिली. ट्रॅक्टर हळूहळू चढू लागला. मी डोळे मिटून घेतले होते हे इथे सांगायला हरकत नाही. अर्ध्या वाटेवर सरांनी तो थांबवला, बाटली बघितली, पाणी तांबड्या रेघेपासून चांगलं लांब होतं.

"आणखी वर जाऊन बघू या की," मी म्हटलं. मला धीर आला होता.

"नको. इथपर्यंत पुरे."

"का? वर काय आहे?"

"माहीत नाही."

मला वाटलं थट्टा करतायत. पण ते स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होते. म्हणाले, "वर हिनं सोनचाफा लावलाय. सगळे म्हणाले, या दगडात जगायचा नाही. ही कळशीनं पाणी घालायला चढायची. मग गुडघे गेले. तेव्हापासून मीही वर गेलेलो नाही."

"एकदाही नाही?"

"मी एकटा गेलो आणि तो मेलेला दिसला, तर खाली येऊन हिला काय सांगू? ती विचारत नाही, मी जात नाही. वाट काढणाऱ्या मशीनवाल्यालासुद्धा बजावलं होतं, वर काय दिसलं ते मला सांगायचं नाही."

आम्ही खाली आलो. पायथ्याशी सरांनी माझा पट्टा सोडला, "उतरा आता," म्हणाले आणि रिक्षाकडे गेले.

काकू आधी नाही म्हणाल्या. मग, हे काय वय आहे का, म्हणाल्या. सर म्हणाले, "अगं, शिंदेसाहेब जाऊन आले. तुझ्याएवढंच वजन आहे त्यांचं. अडुसष्ट."

काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की मी जमिनीकडे बघू लागलो. "माझं वजन सांगितलं तुमी यांना?"

"सांगितलं नाही. त्यांचं विचारलं," सर म्हणाले.

एवढे सगळे रविवार, एवढी मडगार्डं, आणि ते गुडघे दुखत असल्यासारखं बसणं. आपल्याला ट्रॅक्टरमधलं कळतं म्हणून नेतात असं समजून मी इस्त्रीचे शर्ट घातले होते. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. उलट आपण बरोबर अडुसष्ट किलोचे आहोत याचं मला आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटलं.

काकूंना खुर्चीत बसवायला आम्हा दोघांना धरावं लागलं. सरांनी पट्टा बांधला, दोनदा ओढून बघितला, मग पुन्हा एकदा. काकूंनी पदर खोचून घेतला आणि खुर्चीचे हात गच्च धरले. ट्रॅक्टर चढू लागला. मघाची अर्ध्या वाटेची जागा आली तिथे तो क्षणभर मंदावला, आणि मग सागांच्या आड दिसेनासा झाला.

मी खाली उभा होतो. वरून नुसता इंजिनाचा आवाज येत होता, मग तोही बंद झाला. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. रिक्षावाला खाली उतरून माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

आणि वरून काकूंचा आवाज आला, चांगला खणखणीत, चिडलेला.

"अहो, केवढा वाढलाय, आनि मुळाशी सगळी माती कोरडी! पानी आनलंय का याला?"

मग सरांची हाक आली.

"शिंदेसाहेब! ती बाटली घेऊन वर या!"

मी हातातल्या बाटलीकडे बघितलं. अर्धी होती. सरळ वाटेनं मी पायी चढायला लागलो.