गुणवंतरावांचा पेशंट

गुणवंतराव भोयर रेडिओ नाकानं तपासत. मागचा पुठ्ठा काढायचा, डोळे मिटायचे, आत नाक घालायचं आणि एक लांब श्वास घ्यायचा. कंडेन्सर जळाला असेल तर डावी नाकपुडी हलायची, ट्रान्सफॉर्मर गेला असेल तर उजवी. हे मी स्वतः पाहिलेलं आहे, आणि मी खोटं क्वचितच बोलतो. एकदा एक रेडिओ हुंगून ते मालकाला म्हणाले, "याले काई झालं नाई. तुह्या घरी रोज मटनाचा सावजी रस्सा होऊन राहिला, तो पयले बंद कर." मालकाच्या गळ्यात तुळशीची माळ होती. तो रेडिओ तिथंच टाकून पळाला, तो अजून फडताळावर आहे.

महाल नावाच्या जुन्या वस्तीतल्या एका बोळाच्या तोंडाशी त्यांचं दुकान. दुकान कसलं, कपाटच ते, आत एक माणूस बसवलेला. पण ते त्याला दवाखाना म्हणत, आणि दवाखान्याचा नियम एकच: पेशंटजवळ घरचं माणूस बसलं पाहिजे. रेडिओ ठेवून जातो, उद्या येतो, असं कुणी म्हटलं की गुणवंतराव विचारत, "पोराले भरती करून सिनेमाले जातं का गा?" या नियमापायी गिऱ्हाईक आटत गेलं. त्यात काचेच्या व्हॉल्व्हांशिवाय चालणारे ट्रान्झिस्टर आले. त्यांना ते हात लावत नसत. "आत काचच नाई, तर जीव बसन कुठं?" असा त्यांचा सवाल. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा भिलाईला नोकरीत. गुणवंतराव दिवसभर बेवारस रेडिओंच्या सोबतीत बसत.

त्या काळात आम्हा पाच कारकुनांचा एक ऑर्केस्ट्रा होता. मी गिटार वाजवायचो, म्हणजे गिटार माझ्या हातात असायची. गायला मधू. कलकत्त्याच्या एका म्हाताऱ्या वादकाकडून आम्ही गिटारचा जुना विलायती अँप्लिफायर मागवला. काचेच्या व्हॉल्व्हचा, वजनाला एका म्हशीएवढा. खोक्यावर 'ही बाजू वर' असं तीन भाषांत लिहिलेलं. वाटेत त्यानं इतकी शीर्षासनं केली होती की तिन्ही भाषा उलट्या झाल्या होत्या. उघडून पाहतो तर विटेएवढा ट्रान्सफॉर्मर स्क्रू तोडून आतल्या आत फिरून आलेला, व्हॉल्व्हचा चिवडा झालेला, आणि स्पीकरचा कागद उष्ट्या पत्रावळीसारखा फाटलेला. मधूनं डोक्यावरची टोपी काढली आणि तेरावं कधी ते विचारलं.

आठ दिवसांवर खापरखेड्याच्या वसाहतीतला गणपतीचा कार्यक्रम होता. आमचा पहिलाच. सेक्रेटरीनं स्पष्ट सांगितलं होतं की तुमचं जमत नसेल तर कळमेश्वरचा एक बँड तयारच आहे.

आम्ही तो म्हैस-देह रिक्षात घालून महालात नेला. गुणवंतरावांनी तो इतका वेळ हुंगला की आम्हाला वाटलं यांचा डोळा लागला. मग नाक बाहेर काढून म्हणाले, "वाचते. पण जवळचे मानसं पायजेत. रोज. पाचही जण."

मग रोज संध्याकाळी ऑफिस सुटलं की आम्ही पाच स्टुलांवर रांगेनं. गुणवंतरावांना आम्ही काकाजी म्हणू लागलो. काकाजी काम करत आणि बोलत. ट्रान्सफॉर्मर नव्या स्क्रूंनी आवळला. स्पीकरला पतंगाच्या कागदाची ठिगळं लावली, त्यामुळे तो लाल-हिरवा दिसू लागला. फडताळावरच्या रेडिओंचे व्हॉल्व्ह काढून बसवले. मध्ये दोनदा चहा, आणि प्रत्येक व्हॉल्व्हमागे एक गोष्ट. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, वाजव. मी एक तार छेडली. महालातली कबुतरं जी उडाली, ती म्हणे थेट वर्ध्याला उतरली.

आम्ही खोका उचलायला धावलो, तर काकाजी आडवे आले. एक दिवस देखरेखीत राहू द्या म्हणाले.

चौथ्या दिवशी अँप्लिफायर मुका. त्यांनी उघडला, हुंगला, चहा होईपर्यंत दुरुस्त केला. पाचव्या दिवशी पुन्हा मुका. सहाव्याही. मधू इतका वाळला की पंखा लावला तर त्याला खुर्चीला बांधावं लागे.

सातव्या दिवशी सकाळी मी साहेबांना मावशी वारल्याचं तिसऱ्यांदा सांगितलं आणि काय ते स्पष्ट विचारायला दुकानावर गेलो. दार अर्धं लोटलेलं होतं. काकाजी अँप्लिफायरच्या पिनेवर बोटानं टकटक करत होते, आणि स्पीकरमधून ठणठणीत आवाज येत होता. त्यांनी तो बंद केला, त्याची पाठ आपल्याकडे वळवली, आत कटर घातला आणि एक तार नीट कापली. मग धोतराच्या सोग्यानं पाचही स्टुलं पुसली. पाच कप उपडे मांडले. एक स्टूल थोडं पुढं ओढलं, लांबून पाहिलं, पुन्हा मागं सरकवलं.

मी तसाच परत फिरलो. ओठांवर आलेलं सगळं गिळलं. जड गेलं, कारण त्यातल्या दोन शिव्या फार छान जुळल्या होत्या.

संध्याकाळी काकाजींनी अँप्लिफायर हुंगून नवीन आजाराचं निदान केलं. मी म्हटलं, "काकाजी, उद्या खापरखेडा. हा नाही बोलला तर कळमेश्वरचे येतील."

बोलताना माझी नजर कटरवर गेली. माझी नजर कुठं गेली ते त्यांनी पाहिलं. त्यांनी तार जोडली. दोन मिनिटंही लागली नाहीत.

"घिऊन जा," ते म्हणाले. "आता नाई बिघडत."

कार्यक्रमाला चला म्हणून आम्ही हातापाया पडलो, पण दवाखाना सोडून ते आले नाहीत. खापरखेड्याला पहिल्याच सुराला सेक्रेटरीचा चष्मा तडकला आणि मधूला तीनदा वन्समोअर मिळाला, त्यातला एक तर आमच्या माणसांनी दिलेला नव्हता.

पंधरा दिवसांनी त्या बोळावरून जात होतो. काकाजी सोल्डरिंग तापवून बसले होते. टेबलावर काहीही नव्हतं.

मी घरी गेलो, अँप्लिफायर उघडला आणि हाताला लागेल ती तार हिसका देऊन तोडली. रिक्षा केली.

"काकाजी, आवाज गेला याचा."

त्यांनी आत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहू लागलो.

"कोनं केलं हे?"

"आपोआप झालं."

त्यांनी ड्रॉवर उघडून कटर काढला आणि माझ्या हातात ठेवला. "अशी वढून नाई तोडत गा. अंदर जखम होते त्याले. पुढच्या टायमाले इथून काप, हे पाय, इथून." त्यांनी ती जागा बोटानं दाखवली, सोल्डरिंग उचललं, पुन्हा खाली ठेवलं.

"आन् बाकीचे चौघं कवा येऊन राहिले?"