शेवटच्या अंकाचा कच्चा टाका

"यंदा मी लोकांना रडवणार!" अशी घोषणा बापूंनी टेलिफोन एक्स्चेंजच्या चहाच्या टेबलावर केली, आणि सगळे खो खो हसले. बापूंचं हेच तर दुखणं होतं! ते काहीही बोलले तरी लोक हसायचे. ऑफिसच्या वार्षिक नाटकात विसराळू नोकर नाहीतर बहिरा मामा ठरलेला. उंची बेताची, कान भरपूर, आणि दिवसभर लोकांचे फोन दुरुस्त करूनही चेहरा असा, की हा माणूस आत्ताच काहीतरी बिघडवून आलाय!

काय दिवस होते ते! परगावी फोन लावायचा तर ऑपरेटरची विनवणी करावी लागे. लांबच लांब दालनात बोर्डासमोर मुली बसायच्या, जोडणीच्या वायरी काढायच्या, खुपसायच्या, आणि त्या किलबिलाटात बापू हातात पेचकस घेऊन उगीचच फेऱ्या मारायचे. उगीचच कसल्या म्हणा! टोकाच्या बोर्डावर 'ती' बसायची. तिचं "थांबा हं, जोडून देते" ऐकायला मिळावं म्हणून बापू खालच्या मजल्यावरून खोटे कॉल लावायचे. आता ते बोर्ड भंगारात गेले, दालनाला कुलूप लागलं. पण फोन वाजला की म्हाताऱ्या बापूंना अजून तेच चार शब्द आठवतात.

एकदा धीर करून त्यांनी तिला विचारलं होतं, "माझ्याशी लग्न कराल?"

ती इतकी हसली, की कानावरचा हेडफोन घसरून गळ्यात आला. "बापू, कमाल आहे हं तुमची! उद्या पुन्हा विचारा, सगळ्याजणी असतील तेव्हा."

बापूंचं तोंड एवढंएवढंसं झालं. जीव तोडून विचारलेला प्रश्न, आणि तो विनोद ठरावा? एकदा तरी हिनं आपल्याकडे न हसता बघितलंच पाहिजे! त्या वर्षीचं नाटक होतं धरण बांधणाऱ्या एका गर्विष्ठ इंजिनिअरचं, आणि त्याच्या बायकोचं काम तिच्याकडे होतं. झालं! बापू दिग्दर्शकाच्या, म्हणजे हेडक्लार्कच्या, मागे हात धुऊन लागले. शेवटी तो माणूस कंटाळला आणि नायकाचं काम त्यानं बापूंना दिलं.

"शोकनायक म्हणजे काय, ठाऊक आहे का तुम्हाला?" हेडक्लार्कनं विचारलं.

"शेवटी मरतो तो."

"मरायला काय, कुणीही मरतं! शोकनायक मुळात मोठा माणूस हवा. सगळं कसं चोख. फक्त एक दोष, तोही आतला, वरून न दिसणारा. आणि शेवटच्या अंकात तोच दोष त्याचा घात करतो. दुसऱ्यानं पाडलं तर ती नुसती मारामारी. स्वतःच्या दोषानं पडला, आणि पडताना ते त्याला उमगलं, तर शोकांतिका!"

बापूंना हे इतकं पटलं की भेटेल त्याला ते सांगत सुटले. पलीकडच्या दुकानातले टेलरमास्तर तोंडात टाचण्या धरून त्यांच्या कमरेचं माप घेत होते, त्यांचीही सुटका झाली नाही.

"कसा हवा सूट?" मास्तरांनी टाचण्यांच्या आडून विचारलं.

"सगळं चोख हवं, मास्तर. पण एक दोष पाहिजे!"

टाचण्या खाली पडल्या. "दोष?"

"आतला! वरून दिसता कामा नये. दोन अंक कुणाला पत्ता लागायचा नाही. शेवटच्या अंकात मात्र त्यानंच घात झाला पाहिजे!"

मास्तरांनी टाचण्या वेचून घेतल्या. "बापू, उभ्या आयुष्यात मी जाणूनबुजून दोष ठेवला नाही. पण तुमचं नाटक आहे. बसवतो कसातरी."

केवढा रसिक माणूस, असं म्हणत बापू घरी गेले.

नाटकाच्या संध्याकाळी सभागृह भरलं होतं. तिसऱ्या रांगेत तिचे वडील बसले होते, मोठाल्या मिशा घेऊन. पडदा वर गेला आणि नवल घडलं. कुणी हसेना! पहिला अंक गेला, दुसरा गेला. मध्यंतरात तर ती स्वतः येऊन हळूच म्हणाली, "बापू, मला आज तुमची भीती वाटली हो!" एवढं गोड वाक्य बापूंनी जन्मात ऐकलं नव्हतं.

तिसरा अंक. भिंतीतली फट वाढून धरण फुटलंय, बायको बुडून मेलीय, पांढऱ्या चादरीखाली निपचित पडलीय. बापू आले, प्रेक्षकांकडे पाठ करून त्यांनी तिच्याजवळ गुडघे टेकले...

टर्रर्र!

मास्तरांनी पँटच्या मागच्या शिवणीला कच्चा टाका घातला होता. बरोबर गुडघे टेकेपर्यंत टिकेल असा!

बापूंनी मन घट्ट केलं आणि पुढचं वाक्य घेतलं. तेच नेमकं असं होतं: "ती फट! साऱ्या जगाला दिसत होती... मलाच कशी दिसली नाही!"

सभागृहात एकच हशा उसळला. बापू खेकड्यासारखे तिरके सरकत मागच्या भिंतीला जाऊन चिकटले. आता नायक जमिनीवर पडला, की पडदा पडणार होता. दोरीपाशी वॉचमन होता, आणि नायक पडल्याशिवाय दोरी सोडायची नाही अशी त्याला सक्त ताकीद होती.

"पडा!" विंगेतून हेडक्लार्क ओरडला.

"नाही पडत! आधी पडदा पाडा!"

"आधी साहेब पडू देत," वॉचमन म्हणाला.

निरुपायानं बापूंनी हात लांब करून प्रेताची चादर ओढली. खाली प्रेत तोंडावर हात दाबून गदागदा हसत होतं!

"अहो, बाई जिवंत आहे!" प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं.

"नाही, नाही, मेलीच आहे! थंडीनं हलतेय!" बापूंनी खुलासा केला.

अखेर प्रेतच उठलं. "मेले तरी सुटका नाही बाई! हात वर करा," म्हणत तिनं चादर त्यांच्या कमरेला गुंडाळली आणि करकचून गाठ मारली. टाळ्या थांबेनात. वॉचमनला हसू आवरेना, त्यातच दोरी सुटली, आणि पडदा पडला.

बापू रंगपटात कोपरा धरून बसले. तेवढ्यात मास्तर धावत आले. "धरला की नाही दोन अंक? तुम्ही मध्ये खुर्चीत बसलात तेव्हा माझा तर जीव टांगणीला लागला होता!" त्या निरागस माणसाला बोलणार तरी काय!

मास्तर गेले आणि डोळे पुसत ती आली. बापूंना भरून आलं. "हसा, खुशाल हसा! पण मी लग्नाचं विचारलं ना, ती गंमत नव्हती. मला तुम्ही फार आवडता."

ती हसली नाही. कमरेला चादर, गालावर ओघळलेला रंग, असं ते ध्यान ती नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "घरी या. बाबांशी बोला. अगदी असाच चेहरा ठेवून."

सुट्टीच्या दिवशी बापू गेले. दार वडिलांनीच उघडलं. बापूंनी घसा साफ केला, "मी आपल्या मुलीला..." आणि मिशा थरथरायला लागल्या. चौकटीचा आधार घेत घेत वडील उंबऱ्यावरच बसले. हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"होकार आहे हो, होकार!" ते कसेबसे म्हणाले. "अगं, बाहेर ये लवकर, धरणवाले आलेत! आता तेवढा तो शेवट करून दाखवा, जावईबापू. हिचा बघायचा राहिलाय!"

लगबगीनं बाहेर आलेल्या आईच्या मागून ती डोकावत होती. बापूंनी तिच्याकडे पाहिलं, पँटच्या शिवणीवरून एकदा हात फिरवला, आणि गुडघे टेकले.