चौकटीची तपकिरी झाक

सकाळी आठ वाजता पंचायत समितीच्या कार्यालयात मी एकटा असे. कोणी येण्यापूर्वी यावे, म्हणजे कोणाला नमस्कार करावा लागत नाही, एवढाच हेतू. पूर्वेच्या खिडकीतून ऊन आत येई, पण घाईने नाही. आधी ते कपाटावरच्या फायलींच्या लाल फितींपाशी थांबे. मग माठावरच्या पितळी झाकणीपाशी. मग भिंतीच्या पोपड्यांवरून, प्रत्येक पोपड्याला त्याची सावली देत, सावकाश खाली उतरे. शेजारच्या जिनिंग कारखान्यातून उडालेले कापसाचे तंतू त्यात तरंगत राहत. शेवटी ते माझ्या टेबलावर येई आणि दौतीतल्या निळ्या शाईला क्षणभर जांभळी करून जाई. या उजेडात मला सर्व गोष्टी खऱ्या स्वरूपात दिसतात, असा माझा समज होता.

१९७६ सालच्या माघात या उजेडात एक चष्मा आला.

तालुक्यात मोतीबिंदूचे सरकारी शिबीर होऊन एकशे बारा वृद्धांच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाली होती. जाड भिंगाचा चष्मा लागेपर्यंत त्यांना जग धुक्यासारखे दिसणार होते. चष्म्यांसाठी दोन निविदा आल्या: तीर्थपुरीच्या कडूबाची आणि आष्टीच्या तातेरावाची. कडूबाचा दर कमी. नमुना तपासून टिपणी लिहिणे हे माझे, म्हणजे कनिष्ठ लिपिकाचे, काम. अट क्रमांक सात सांगत होती, ‘चौकट काळ्या रंगाची असावी.’ मी चौकट उन्हात धरली आणि लिहिले: ‘नमुना सर्व अटींची पूर्तता करतो, तथापि सकाळच्या उन्हात चौकटीच्या कडेस मधाळ तपकिरी झाक जाणवते.’

या वाक्यास मला एक तास लागला. ते मला आवडले.

ते तातेरावालाही आवडले. फाइल पाहण्याचा हक्क बजावून त्याने त्याच दिवशी हरकत नोंदवली.

“ही झाक लिहायची काय गरज होती?” खरेदी उपसमितीचे अध्यक्ष अण्णासाहेब म्हणाले. “मला तर बिलकुल काळी दिसून राह्यली.”

“आपण सावलीत बसला आहात, साहेब.”

अण्णासाहेबांनी खुर्ची उन्हात ओढली आणि चौकट डोळ्यांसमोर धरली. “आता बोंबला,” ते म्हणाले.

हरकतीच्या निवारणार्थ तीन सदस्य नेमण्यात आले. दुपारच्या पाहणीत चौकट काळी आढळली. दुपारचे ऊन माथ्यावरून येते, कडेला लागत नाही, असे तातेरावाचे म्हणणे पडले. संध्याकाळीही ती काळीच आढळली.

“दिवेलागणीला पांढरा बैलबी काळाच दिसतो, साहेब!” तातेराव म्हणाला.

“अन् चुलीत कोळसाबी लाल दिसतो,” कडूबा उसळला. “मंग त्याचा काय कपाळाला टिळा लावतो का रे तू?”

पाहणी कोणत्या उजेडात करावी, याबाबत वरिष्ठांकडे मार्गदर्शन मागवण्यात आले. उत्तर ज्येष्ठात आले: उजेड ‘नैसर्गिक, पुरेसा व निःपक्षपाती’ असावा. निःपक्षपाती उजेड उत्तरेकडून येतो, असे एका सदस्याने सांगितले. इमारतीला उत्तरेची खिडकी नव्हती. भिंत फोडण्याचा प्रस्ताव गेला. तो परत येईपर्यंत पावसाळा लागला आणि दोन बैठका सूर्याच्या गैरहजेरीमुळे तहकूब झाल्या. चौकटींना बुटाचे काळे पॉलिश लावून देण्याची तयारी कडूबाने दाखवली. सीलबंद नमुन्यात हस्तक्षेपाचा प्रयत्न केल्याबद्दल त्याला लेखी ताकीद देण्यात आली. तिचा मसुदा माझा होता.

दर सोमवारी, बाजाराच्या दिवशी, त्या एकशे बारांपैकी एक, गिरिजाबाई येत. सून सत्यशीला त्यांचा हात धरून त्यांना पायरी चढवी. गिरिजाबाई अडतीवर ज्वारीतले खडे वेचून रोजंदारी मिळवणाऱ्या. पोळ्यापर्यंत तुमची जागा धरून ठेवतो, असे मुकादमाने सांगितले होते.

“काय झालं, लेकरा, आमच्या चष्म्याचं?”

“रंगाचा निर्णय प्रलंबित आहे, आजी.”

“मला काय करायचं रंगाचं? मला आतून बघायचंय. भाईरून बघणाऱ्याला काळा दिसू दे, न्हाई तर हिरवा!”

“खडा कोणता अन् दाणा कोणता, डोळ्याला दिसत न्हाई, हातालाच कळंल तेवढं,” सत्यशीला म्हणाली. “मुकादम हसून राह्यला.”

मी त्यांचे म्हणणे फाइलवर घेतले: ‘लाभार्थी रंगाबाबत तटस्थ आहे.’

पोळा झाला. आश्विनात निकाल लागला. हरकत मान्य करून कडूबाची निविदा रद्द करण्यात आली. मग न्यायाच्या दृष्टीने तातेरावाचा नमुनाही त्याच सकाळच्या उन्हात धरण्यात आला, आणि त्यास निळसर झाक आढळल्याने तोही बाद झाला. माझ्या सूक्ष्म दृष्टीची ठरावात प्रशंसापूर्वक नोंद झाली.

“नवी निविदा काढ,” अण्णासाहेब म्हणाले. “अटी बराबर जुन्याच ठेव. आता त्या तावून सुलाखून निघाल्यात.”

त्या सोमवारी गिरिजाबाई आल्या, पण त्यांनी चष्म्याचे विचारले नाही. अडतीवरची त्यांची जागा दुसऱ्या बाईला गेली होती. त्या बाकावर टेकल्या आणि माझा आवाज जिकडून येत होता तिकडे तोंड करून म्हणाल्या,

“काळाच पायजे असं कुणी म्हणलं व्हतं रे?”

“नियम आहे, आजी.”

“कुणाचा?”

“वरून आला आहे.”

त्यांनी मान हलवली. वरून आलेल्या गोष्टीला आपण सगळेच मान हलवतो. तुम्हीही आत्ता हलवलीत. सत्यशीलेचा हात धरून त्या पायऱ्या उतरल्या.

मी जुन्या अटी उतरवून घेण्यासाठी फाइल तळापासून उघडली. शिबिराच्या डॉक्टरांचे मूळ पत्र तेथे होते. भिंगाचा क्रमांक, काचेची जाडी, नाकावरची पट्टी, काड्यांची लांबी, बिजागरी, चष्म्याचे घर: अशा सहा अटी. रंगाचा उल्लेख नव्हता. ते मला आठ महिने ठाऊक होते. निविदा मीच उतरवली होती; सातवी अट माझी होती. सहा अटींनी पानाखाली थोडी जागा रिकामी राहत होती.