बिनदाराची पेटी

या, जरा पुढे सरकून बसा. भिंतीला टेकलेल्यांनीही या. गोष्ट हळू आवाजात सांगायची आहे, कारण ती ज्यांची आहे ते दौलतराव अजून अंबरनाथ पूर्वेलाच राहतात आणि त्यांचे कान या वयातही तिखट आहेत. एक पत्र्याची पेटी, एक बारसं आणि एका आजोबांचे दुखरे खांदे, एवढाच ऐवज आहे. पण ऐकून झाल्यावर पोटात काहीतरी गोड घेऊन उठाल, हा शब्द.

दौलतराव म्हणजे निवृत्त फिटर. उभा जन्म कारखान्यात पत्रा कापण्यात, वाकवण्यात आणि जोडण्यात गेला. संध्याकाळी मात्र तेच हात टाळ धरायचे. गावात कुठेही कीर्तन असो, बुवांच्या मागच्या ओळीत डावीकडून पहिले दौलतराव ठरलेले. त्यांची एकुलती एक लेक तेजस्वी लग्नानंतर सिंगापूरला गेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी विमानाला नाही म्हटलं. इकडे दौलतरावांच्या पत्नी बनूबाईंचा पासपोर्ट कुठल्यातरी सरकारी टेबलावर झोपला होता. नात झाली ती तिकडेच. आजीआजोबांनी तिला पाहिलं ते शेजाऱ्यांच्या मोबाइलवर, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या फोटोत. त्यात टॉवेल स्पष्ट दिसत होता.

तेव्हा जावयाने, जितेशरावांनी, तोड काढली. इकडे येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर लॅपटॉप पाठवला. टेलिफोनवाल्यांचा माणूस येऊन बिनतारी इंटरनेटचा राउटर स्वयंपाकघराच्या खिडकीत बसवून गेला. आता बारसं दोन्हीकडे एकदम करायचं होतं. तिकडे बाळ, इकडे पाळणा, मध्ये कॅमेरा. बारशाला म्हणायचा पाळणा दौलतरावांनी नातीसाठी स्वतः रचला होता. अंघोळीच्या वेळी, भाजी निवडताना, गच्चीवर कपडे वाळत घालताना त्याच ओळी.

तेजस्वीने फोनवर एकच ताकीद दिली होती.

"बाबा, त्या राउटरला जपा हं. तो बंद पडला तर सगळं बारसं बुडेल."

इथेच सगळं घडलं, बरं का. 'जपा' हा शब्द फिटर माणसाला सांगताना विचार करून सांगावा.

दौलतरावांनी राउटरकडे नीट पाहिलं. वर फोडणीची वाफ, खाली बनूबाईंचं ओलं फडकं, बाजूला पाल. आणि हे बिचारं नाजूक प्लॅस्टिक, अंगावर साधं कव्हर नाही! कारखान्यात इतकं उघडं त्यांनी कधी काही ठेवलं नव्हतं. ते तडक एमआयडीसीत सदूच्या वर्कशॉपवर गेले. सदू त्यांचा जुना जोडीदार. दोघांनी मिळून जाड पत्र्याची पेटी केली, कोपरे घासले, करडा रंग दिला आणि वर लाल अक्षरात 'श्री' काढलं. घरी आणून राउटर आत ठेवला, वायरींसाठी बाजूला एक भोक ठेवलं, त्यात रबरी बूच बसवलं आणि झाकण रिवेट मारून कायमचं बंद केलं. मग पेटी स्वयंपाकघरातच माळ्याखाली भिंतीवर ठोकली.

"अहो, दार कुठाय याला?" बनूबाईंनी विचारलं.

"दार कशाला? आत काय भाजी ठेवायचीय?"

बनूबाईंना ते पटलं. पेटीला त्यांनी हळदकुंकूही वाहिलं.

शुक्रवारी बारसं. बाहेरच्या खोलीत झेंडूने सजवलेला पाळणा, त्यात कापडात गुंडाळलेला वरवंटा. भजनी मंडळाच्या पुतळाबाई आपल्या बायका घेऊन आल्या, घुगऱ्यांचा वास जिन्यापर्यंत गेला. लॅपटॉप पाटावर ठेवला, खाली रांगोळी. दौलतरावांनी झाकण उघडलं. पडद्याच्या कोपऱ्यात लाल फुली.

"ही फुली कसली हो, भावोजी?" पुतळाबाईंनी विचारलं.

"जाईल. गरम व्हायला वेळ लागतो."

फुली गेली नाही. लॅपटॉप बंद करून चालू केला. राउटरचं बटण भिंतीवर होतं, ते खाली-वर करून झालं. मग पाट पूर्वेला फिरवला. मग लॅपटॉप फ्रिजवर ठेवला. मग पुतळाबाई म्हणाल्या, "एवढ्या बायका बसल्यात, त्याला हवा लागत नसेल," म्हणून निम्म्या बायका उठून जिन्यात उभ्या राहिल्या.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे सिंधी शेजारी हासानंद आले. त्यांचं उल्हासनगरला टेपरेकॉर्डर आणि पंखे विकायचं दुकान, त्यामुळे वीज लागणाऱ्या प्रत्येक वस्तूवर त्यांचा शब्द शेवटचा.

"दौलतभाऊ, टेन्शन नको घेऊ. सिग्नल कमजोर आहे. एक मोठी परात दे, स्टीलची."

"परात?"

"अरे, डिश अँटेना काय असतो? परातच तर असते ना, साईं!"

घुगऱ्या पातेल्यात ओतून परात रिकामी केली. हासानंद ती लॅपटॉपमागे धरून बाल्कनीत इकडून तिकडे फिरले. एका कोपऱ्यात पडद्यावर काहीतरी उमटलं.

"आला, आला! बघ!"

"हे तर समोरच्या बिल्डिंगमधलं कुणाचं तरी इंटरनेट दिसतंय," दौलतराव चष्मा सावरत म्हणाले. "आणि त्याला कुलूप आहे."

"लोकांची नियतच छोटी झालीये," हासानंद म्हणाले आणि परात खाली ठेवली.

शेवटी दौलतरावांनी कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. बरीच सनई ऐकल्यावर एक मुलगी बोलली.

"सर, राउटर पर कौनसी लाइट जल रही है, देखके बताइए."

"लाइट दिखती नहीं, बेटा."

"एक भी नहीं जल रही?"

"जलती होगी. अंदर है."

"अंदर मतलब?"

"पेटी में. सोला गेज का पत्रा है, कुछ नहीं होगा उसको." मग त्यांनी स्टुलावर चढून पेटीला कान लावला, तळवा लावला. "गरम है. जिंदा है."

मग मुलगी एकदम मराठीत आली.

"काका, राउटर तुम्ही लोखंडाच्या पेटीत ठेवलाय?"

"हो. जपून."

"काका, बिनतारी सिग्नल लोखंडातून बाहेर येत नाही. त्याला बाहेर काढा, लगेच चालेल."

दौलतरावांनी रिसीव्हर हळूच ठेवला. बायका त्यांच्याकडे बघत होत्या, बनूबाई पदराने हात पुसत होत्या.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, पेटी चांगली झालीय," दौलतराव म्हणाले. "जरा जास्तच चांगली."

आता पेटी उघडायची. रिवेट ड्रिलने काढायचे, तर ड्रिल सदूकडे. आणि शुक्रवार म्हणजे एमआयडीसीची सुट्टी. सदू बारवी धरणाकडे सासुरवाडीला भातलावणीला गेला होता. त्याचा मोबाइल तिथे लागेना. हासानंदांनी छिन्नी-हातोडा आणला. पहिला घाव घातला आणि पेटी देवळातल्या घंटेसारखी वाजली. खालच्या मजल्यावरून कुणीतरी नमस्कार केला म्हणतात. दहा-बारा घाव झाले, रंगाचा टवकाही उडाला नाही.

"काय पेटी बनवलीस, साईं!" हासानंद घाम पुसत म्हणाले. "बँकेला विकायला पाहिजे होतीस."

दौलतरावांना त्या क्षणीही, देव क्षमा करो, थोडा अभिमान वाटला. पण तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, काय झालं? आम्ही केव्हाचे बसलोय. सासूबाई म्हणतायत, बाळ झोपेला आलंय, नाव ठेवून घेऊ या का." मग तेजस्वीचा आवाज बारीक झाला. "तुमच्याशिवाय नको वाटतंय हो."

"थांब, पोरी. जरा थांब."

"बाबा... तुम्ही त्या राउटरला काही केलंत का?"

"जपलं गं," दौलतराव म्हणाले आणि त्यांनी रिसीव्हर ठेवला.

बनूबाई रित्या पाळण्याची दोरी हातात घेऊन बसल्या होत्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या त्या कापडात गुंडाळलेल्या वरवंट्याकडे बघत होत्या. दौलतरावांना ते पाहवेना. त्यांनी पाटावरचा लॅपटॉप उचलला आणि स्वयंपाकघरात शिरले.

"कुठे नेताय आता त्याला?"

"समोरासमोर करतो दोघांना. बघतो कसे बोलत नाहीत ते!"

ते स्टुलावर चढले. भोकातलं रबरी बूच नखाने उचकटून काढलं आणि लॅपटॉपची कड त्या भोकाला नेऊन भिडवली. दारातून पुतळाबाई किंचाळल्या, "अहो भावोजी, फुली गेली! फुली गेली!"

खरंच गेली होती. त्या जागी सिग्नलची एक बारकी दांडी उभी होती. दौलतरावांनी हात अंगठाभर हलवला, दांडी पडली. पुन्हा भिडवला, उभी राहिली.

"हलू नका!" बनूबाई ओरडल्या. "आहात तसे राहा!"

आणि सगळं बारसं स्वयंपाकघरात शिरलं. पाळणा ओट्याशी आला, बायका फ्रिजपासून मोरीपर्यंत दाटल्या, हासानंद परात घेऊन दारात. सगळ्यांनी माना वर केल्या. पडदा जरा थरथरला आणि तेजस्वी दिसली. तिने मांडीवरचं दुपटं बाजूला केलं.

बनूबाईंनी हात वर करून बोटं कानशिलावर मोडली. त्या आवाजात सगळं आलं.

"जावळ किती गं!" "रंग आईचा." "नाही हो, हनुवटी बनूवहिनींची!" मग इकडे वरवंटा पाळण्याखालून-वरून फिरला, तिकडे सासूबाईंनी बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि तेजस्वीने मोठ्याने म्हटलं, "ओवी!" बायकांनी एकच गलका केला. त्या गलक्याने सिंगापूरला ओवीबाई जाग्या झाल्या आणि जे रडायला लागल्या, की लॅपटॉपचा स्पीकर फाटायला आला.

"बाबा, पाळणा म्हणा ना!" तेजस्वी ओरडली.

दौलतरावांनी सूर लावला. दोन्ही हात खांद्याच्या वर, लॅपटॉप तव्यासारखा तापलेला, गळ्यावरून घाम. सप्ताहात विणेकऱ्याने वीणा खाली ठेवायची नसते, तसे ते उभे होते. टाळ नाही, मग पायाच्या अंगठ्याने स्टुलावर ठेका. पहिल्या कडव्याला रडं उतरलं, दुसऱ्याला उसासे राहिले, तिसऱ्याला काहीच राहिलं नाही. मग त्यांचे खांदे सुटले, कड भोकापासून ढळली आणि पडदा गोठला.

खाली उतरवून त्यांना पाटावर बसवलं. पुतळाबाईंनी पाणी दिलं. जो तो बाळाचं वर्णन करत होता. दौलतराव एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी बनूबाईंना हळूच विचारलं, "नाक कुणाचं आहे गं?"

"कुणाचं म्हणजे? पाहिलंत ना?"

"मला कुठे दिसलं? माझ्यासमोर त्याची काळी पाठ होती."

तेव्हा कुठे सगळ्यांच्या ध्यानात आलं. इतका वेळ सगळ्यांनी पाहिलं होतं, परात धरलेल्या हासानंदांनीसुद्धा पाहिलं होतं. आणि ज्याच्या हातावर नात होती त्यालाच ती दिसली नव्हती. घुगऱ्या खाणारे हात थांबले.

फोन पुन्हा वाजला. बनूबाईंनी रिसीव्हर नवऱ्याच्या हातात दिला.

"बाबा, तुम्ही होतात कुठे? मला कडेला नुसती तुमची बोटं दिसत होती. ओवी थांबली बघा तुमच्या आवाजाने, पण आता परत सुरू झालीय. एक करू का? फोन तिच्या कानाशी धरते. म्हणा."

दौलतरावांनी बसल्या जागी, डोळे मिटून, पुन्हा पहिल्यापासून पाळणा म्हटला. या वेळी खांदे दुखत नव्हते आणि फुलीही नव्हती. साधा टेलिफोन, इतके दिवस कोपऱ्यात गुमान बसलेला. संपल्यावर ते ऐकत राहिले. मग रिसीव्हरवर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, "झोपली. श्वास ऐकू येतोय. शूऽऽ." आणि अंबरनाथ पूर्वेच्या त्या स्वयंपाकघरात एवढी माणसं सिंगापूरची पोर जागी होऊ नये म्हणून चवड्यांवर चालू लागली.

दुसऱ्या दिवशी सदूने येऊन रिवेट काढले आणि आजोबांनी नातीला डोळे भरून पाहिलं. नाक त्यांचंच निघालं. पण ती गोष्ट वेगळी, ती सगळ्यांच्याच घरात होते.

आता उठा. आणि एवढं लक्षात असू द्या. कधी घरातली सगळी माणसं मिळून काही गोड बघायला माना वर कराल, तेव्हा ते धरून कोण उभं आहे, तेही एकदा डोकावून बघा. जमलं तर दोन मिनिटं त्याच्या हातातून घ्या. आणि घेताना आमच्या दौलतरावांची आठवण काढा.